बालकराम रांटा यांच्या पिकअपच्या स्टिअरिंगबाबत

शलोट पोलीस चौकी, जिल्हा शिमला. दिनांक २३ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा.

माझं नाव लोकिंदर बालकराम रांटा, वय ४१, धंदा गाडीदुरुस्ती, राहणार शलोट, बसथांब्याच्या खालच्या बाजूला. मी चौकीत समक्ष हजर राहून हवालदार नेगी यांनी विचारल्यावरून सांगतो की,

मयत बालकराम रांटा, वय ७६, हे माझे वडील. त्यांनी पन्नास वर्षं याच डोंगरात गाडी चालवली. आधी दुसऱ्याचा ट्रक, मग सफरचंदाच्या पेट्या वाहायला स्वतःची पिकअप. त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. माझी आई तीन वर्षांपूर्वी वारली.

गेल्या चैत्रापासून ते रस्ता विसरू लागले. एकदा रोहडूला निघाले आणि उलट्या बाजूच्या पुलावर गाडी उभी करून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शिमल्याच्या डॉक्टरांनी गाडी देऊ नका म्हणून सांगितलं. मी किल्ली दोनदा लपवली, दोन्ही वेळा त्यांना सापडली. तिसऱ्यांदा माझी बायको रमिला हिने ती त्यांच्या हातातून घेतली, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, त्यापेक्षा माझे हात काढून घे." रमिलाने किल्ली परत दिली.

जूनमध्ये एक दिवस ते पहिल्याच वळणावरून माघारी आले. मला म्हणाले, "लोकी, स्टिअरिंग सैल झालंय. गाडी ऐकते, पण उशिरा ऐकते. असली गाडी मी रस्त्यावर नेणार नाही." आणि नेली नाही.

मी तपासणी केली. गाडी जॅकवर उचलून पुढच्या चाकांचे सांधे हलवून पाहिले, ते घट्ट होते. दोष स्टिअरिंगच्या शाफ्टमध्ये, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं खाली चाकांकडे नेणाऱ्या दांड्यात होता. त्याचा खालचा सांधा झिजला होता, त्यामुळे स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकं जागची हलत नव्हती. नवा शाफ्ट मी चंदीगडहून मागवला. आठ दिवसांत आला. मी तो बसवला नाही. खोकं ग्रीसच्या डब्यांमागे ठेवलं. ही गोष्ट रमिलालाही माहीत नव्हती.

ऑक्टोबरपर्यंत गाडी अंगणात उभी होती. वडील रोज सकाळी टोपी घालून तिच्यात जाऊन बसत.

"पार्ट आला का रे?"

"दरड पडलीय, बाबा. रस्ता बंद आहे."

"अजून?"

"अजून."

कालचं त्यांना आज आठवत नसे, त्यामुळे मला नवं कारण शोधावं लागलं नाही.

मग दुरुस्ती का केली, असं विचारल्यावरून सांगतो की, दिनांक १७ रोजी दुपारी ते खोकं त्यांना सापडलं. आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. त्यांनी शाफ्ट बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "तुला बसवता येत नाही होय? मग तसं सांगायचं ना. बापाला विचारायची कसली लाज?"

मी हत्यारांची पेटी आणली.

त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं. माझा हात धरून शाफ्टवर ठेवला आणि स्वतः आत बसून स्टिअरिंग अगदी हळू डावी-उजवीकडे हलवलं.

"सांध्याच्या वरचं हलतंय?"

"हलतंय."

"खालचं?"

"नाही."

"मग दुखणं कुठं?"

"सांध्यात."

"शाब्बास. उगाच स्टिअरिंगचा गिअरबॉक्स खोलत बसू नकोस."

हे मी अठराव्या वर्षी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. त्याच सकाळी त्यांनी रमिलाला 'बाई, तू कुणाकडची?' असं विचारलं होतं.

चाकं सरळ करून आम्ही स्टिअरिंग दोरीने बांधलं. जुन्या शाफ्टच्या जागी खडूने खूण केली, वरचा आणि खालचा बोल्ट काढून तो उतरवला, आणि नवा खुणेवर बसवला. बोल्ट मी आवळले. त्यांनी पुन्हा पाना लावून पाहिले. नंतर वडिलांनी गाडी मंदिरापर्यंत नेऊन आणली, मी शेजारी बसलो होतो. एकही चूक झाली नाही. परत येताना ते गुणगुणत होते. घरी आल्यावर त्यांनी किल्ली खुंटीला लावली. मी ती तिथून काढली नाही.

दिनांक १८ रोजी सकाळी नऊच्या सुमारास मी शेडमध्ये असताना गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी पळत वर रस्त्यावर गेलो. वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला, गाडी दिसली नाही. मोटरसायकल घेऊन मी फाट्यापर्यंत गेलो आणि रोहडूच्या बाजूला वळलो. ते वरच्या बाजूला गेले होते. अकरा वाजता मी चौकीत खबर दिली. १९ तारखेला वर बर्फ पडला.

दिनांक २० रोजी गाडी चौतीस किलोमीटरवर, दयारी इथे रस्ता संपतो तिथे मिळाली. पहिल्या गिअरमध्ये होती, चाकं डोंगराकडे वळवलेली, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावलेले. तिथून जुनी पायवाट माझ्या आईच्या माहेरी जाते. त्या गावात आता कुणी राहत नाही. काल सकाळी मेंढपाळांना वडील पायवाटेपासून बरेच खाली, एका देवदाराखाली मिळाले. माझा कुणावर संशय नाही.

हवालदारसाहेब मला म्हणाले, "लोकिंदर, स्टिअरिंगमध्ये दोष होता म्हणून ते गाडी सोडून पायी निघाले, एवढं लिहून दे. मुलानेच गाडी नीट करून दिली म्हणणाऱ्या लोकांची तोंडं बंद होतील, तुझ्याही जिवाला बरं." त्यावर सांगतो की, गाडी खाली आणल्यावर मी तिच्याखाली जाऊन पाहिलं आहे. सांधा घट्ट आहे, बोल्ट जागेवर आहेत. गाडीत कोणताही दोष नव्हता.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. वडिलांच्या नावापुढे 'वेडसर' असं लिहिलं होतं, ते मी सांगितल्यावरून खोडून 'चालक' असं लिहिलं आहे. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

सही
लोकिंदर बालकराम रांटा