हाक मारायला नाव

अरे, विज्ञानाचा मास्तर मी, पण खाडीनं माझीच परीक्षा घेतली. सातवीची पोरं घेऊन वडखळच्या पुढे खाडीवर गेलो होतो, चिखलातले खेकडे दाखवायला. मोबाईल छातीठोक सांगत होता, बाराला पूर्ण ओहोटी. बारा वाजले तरी चिखल पाण्याखालीच!

तिथे हिराबाई होत्या. सगळा जन्म याच खाडीत खेकडे पकडण्यात गेलेला. आमची तोंडं बघून हसल्या. "मास्तर, तो टायम मुंबयच्या बंदराचा. हितं आत पाणी मागनं उतरतं. त्यात आज अष्टमी, पाण्याला जोर नाय. बसा तासभर."

तासाभरानं खरंच चिखल उघडा पडला. मी म्हटलं, बाई, आता तुम्हीच शिकवा. त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि हात धरून खाली उतरवण्याआधी प्रत्येकाला नाव विचारलं. "रुतलास तर हाक काय मारू?"

शेवटी राहिली सायली. एरवी वर्गात तोंड मिटत नाही, आज मात्र सारखी मागे लपत होती.

"तुझं नाव काय गो?"

सायली एकदम रडवेली होऊन म्हणाली, "असं काय करतेस गो आजी? नाव तूच ठेवलंस ना!"

सायलीनं मान खाली घातली. "सर, मीच तिला सांगितलेलं, पोरांसमोर ओळख दाखवू नको म्हणून."

हिराबाईंनी हात पुढे केला.

"चल, उतर. आता हाक मारता येल."