वाकडा आलेख आणि भामरे सर

आदरणीय अध्यक्ष हितेंद्रभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे माझे गुरू डॉ. अभिमन भामरे सर, शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोदाकाकू, आणि जळगावच्या या उकाड्यात दाटीवाटीने बसलेल्या रसिकहो,

मी सारिका. सरांची विद्यार्थिनी, आता भुसावळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मी गोड बोलायचं ठरवून आले होते. पण मघाशी सूत्रसंचालकांनी सांगितलं, की तरुणांना संधी मिळावी म्हणून सरांनी विभागप्रमुखपद स्वखुशीनं सोडलं. माफ करा, हे खोटं आहे. ते काढून घेतलं गेलं. का, ते मी सांगते. कारण तेव्हा मी त्याच खोलीत होते.

आम्ही पाण्यात ॲसिटोनायट्राइल नावाचा द्रव मिसळून त्यात चांदीचं मीठ, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, विरघळवत होतो आणि द्रावणातून वीज किती वाहते ते मोजत होतो. वाटेल, की मिश्रणात जे द्रव जितके, तितकेच ते आयनाभोवती, म्हणजे मिठातल्या विद्युतभारित कणाभोवतीही असणार. तसं नसतं. चांदीचा आयन पाण्याला बाजूला सारून ॲसिटोनायट्राइलला धरून बसतो, ते अगदी थोडं असलं तरी. जोडीचा नायट्रेट मात्र पाण्यापाशीच राहतो. म्हणून आमचा आलेख सरळ न जाता वाकत होता.

संस्थेच्या बाहेरून आणलेल्या संशोधन सल्लागारांनी मात्र सरकारी प्रस्तावात आधीच लिहून टाकलं होतं, की तो सरळ येईल. ते अध्यक्षांना घेऊन प्रयोगशाळेत आले. आलेखातले मधले ठिपके काढा म्हणाले, समितीसमोर छान दिसेल. सरांनी आधी नम्रपणे नकार दिला. मग हितेंद्रभाऊ, तुम्ही म्हणालात, सरळ रेषेत काय जातं तुमचं?

सर सहसा वर्गात प्रमाणभाषाच बोलत. त्या दिवशी त्यांच्या गावचं, पिंपळनेरचं बोलणं जिभेवर आलं. "बठ्ठा ठिपका ऱ्हातीन, भाऊ. एकही काढणार नाही. तो आयन माझं ऐकत नाही, तुमचंही ऐकणार नाही."

पुढच्याच महिन्यात पद गेलं आणि प्रयोगशाळेला 'दुरुस्ती'चं कुलूप लागलं. माझं संशोधन अर्धवट. सरांना मी रडत विचारलं, आता काय करायचं? त्यांनी मला धीर दिला नाही. म्हणाले, "आधी आपणच चुकलो असू का, ते बघू."

सांगा, अपमानानंतर असा विचार कोण करतं? भुसावळला माझ्या महाविद्यालयानं एक टेबल दिलं. दर रविवारी सर गाडीनं यायचे. आम्ही द्रव पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केला, उपकरण घासून धुतलं, सगळं पहिल्यापासून मोजलं. आलेख तिथंच वाकला. त्या दुपारी सर आलेख पुढ्यात घेऊन खुर्चीत बसून राहिले. काकूंनी दिलेला डबा तसाच राहिला. तो शोधनिबंध छापून आला, आमच्या दोघांच्या नावानं.

आणि आज? आजच्या निमंत्रणपत्रिकेच्या मुखपृष्ठावर तोच वाकडा आलेख. खाली छापलंय, 'संस्थेची उज्ज्वल संशोधन परंपरा'! लाज वाटायला हवी होती.

वेळ संपल्याची चिठ्ठी मिळाली आहे. एकच मिनिट. प्रयोगशाळा अजून बंद आहे. सरांची शेवटची विद्यार्थिनी भाविका तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला काम करायला जागा नाही. शाल-श्रीफळ देताना, अध्यक्ष महाराज, त्या ताटात किल्लीही ठेवा. भाविका, किल्ली मिळाली नाही, तर सोमवारी भुसावळला ये. टेबल रिकामं करून ठेवते.

सर, हे बोलू नकोस असं तुम्ही काल फोनवर बजावलं होतंत. पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आवाज चढला असेल, एखादा शब्द तोल सोडून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. मजकूर मात्र मी माघारी घेत नाही.