चिमट्यावरचे अठ्ठ्याण्णव

—नाही, नाही, त्या ऑक्सिजनच्या चावीवरचा हात काढा आधी. वडिलांना धाप लागलीय ते मलाही दिसतंय, पण डॉक्टरांनी एकवर ठेवलंय ना, मग एकवरच राहू दे. सिस्टरना सांगितलंत? मग येतीलच. बसा, हे स्टूल घ्या. मी कोण सांगणारा? कोणी नाही हो — शेजारच्या खाटेवर मास्क लावून झोपलीय ना, तिचा नवरा. आणि तिला इथे आणायची वेळ आली ती माझ्यामुळे, म्हणून तोंड उघडलं.

वेल्डर होतो मी. एकतीस वर्षं ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावर वाहिले, त्यामुळे माझी अशी समजूत की ऑक्सिजन म्हणजे आपल्या घरचा माणूस — डॉक्टर मला काय शिकवणार? हिची फुप्फुसं दहा वर्षांपासून अधू. गेल्या वर्षी घरी ते हवेतून ऑक्सिजन ओढणारं मशीन आलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एकवर ठेवा, बोटाच्या चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव आलं की पुरे. पुरे? मला पटेना. मी स्वतः शाळेत कधी पस्तिसाच्या पुढे गेलो नाही, पण बायकोला अठ्ठ्याऐंशी म्हटल्यावर मला कमीपणा वाटायला लागला, बोला! केले एकाचे दोन. त्या दुपारी ती किती महिन्यांनी गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी चार — आणि चिमट्यावर अठ्ठ्याण्णव! समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांना बोलावून दाखवलं मी. गाल कसे गुलाबी झालेत बघा, म्हटलं. मास्तर म्हणाले, वा. आम्ही दोन गाढवं उभी होतो खाटेशी.

त्याच दुपारी चार वाजता चहा घेऊन गेलो तर उठेना. हलवलं तर डोळे अर्धे उघडले आणि मला म्हणाली, "दादा, शाळेची घंटा झाली का?" तिचा दादा जाऊन बारा वर्षं झाली. मला हसू आलं — खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. मग तिनं कपाला हात पुढे केला आणि तो हात नुसता फडफडत होता, पाखरासारखा. अंग गरम, नाडी अशी उडत होती की माझ्या बोटांना धक्के बसत होते. चिमटा लावला तर अठ्ठ्याण्णवच! म्हणजे यंत्र म्हणतंय उत्तम आणि बाई मला ओळखत नाही.

इथे आणल्यावर मनगटात जिथे नाडी लागते तिथे सुई घालून रक्त काढलं. त्यात काय ते कळलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं — श्वास आत घेणं हे अर्धंच काम, वापरलेली हवा बाहेर टाकणं हे उरलेलं अर्धं. हिच्या फुप्फुसांना ते बाहेर टाकणंच जमत नाही, आणि वरून जास्त ऑक्सिजन दिला की आणखी बिघडतं. कार्बन डायऑक्साईड रक्तात साठत जातो, मेंदूला गुंगी येते, हृदय उगाच धावत सुटतं. चिमटा बिचारा ऑक्सिजन तेवढा मोजतो, साठलेलं त्याला दिसत नाही. आणखी तासभर उशीर झाला असता तर, म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मग विचारलं, "चारवर कोणी नेलं?" मी म्हटलं, आपोआप फिरलं असेल. एकतीस वर्षं चाव्या फिरवलेला माणूस!

प्रेमापोटी झालं म्हणताय? हो, लेकीलाही मी तेच सांगितलं. पहिल्या दिवशी खरंच प्रेमापोटी. पण दोनाचे तीन केले ना, ते — कसं सांगू — शब्दकोड्यापोटी. ही दिवसभर हाका मारते हो. उशी सरकव, खिडकी लाव, खिडकी उघड. ती झोपली त्या दुपारी मी वर्षभरात पहिल्यांदा एक अख्खं कोडं सोडवलं. इतकं शांत वाटलं घर. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पेन्सिलीला टोक काढलं आणि मग मशीनकडे गेलो. आधी पेन्सिल, मग मशीन. हा क्रम मी कोणाला सांगितलेला नाही. तुम्हाला तरी का सांगतोय कोण जाणे, तुमचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

आता धोका टळला. हवा आत ढकलणाऱ्या त्या मास्कनं दोन दिवसांत रक्त ताळ्यावर आणलं, परवा घरी सोडतील. काल तिनं मला ओळखलं. आणि काय म्हणाली? "तुम्ही जेवलात का?" मी मान हलवली आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

ह्या बघा सिस्टर आल्या, तुमच्या वडिलांना बघतील. हिचा मास्कही काढतायत. आज सांगायचं ठरवलंय मी तिला. पाणी पिऊ दे आधी. केस जरा नीट करू दे. नाही, नाही, आता पुढे ढकलत नाही — आणि तुम्ही काय ऐकत बसलाय? तो पडदा ओढून घ्या. पूर्ण ओढा.