साडूभाऊंचा कंगवा आणि माझे पाच एकर

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या यंत्रमालक संघाचे सभासद, ज्यांच्या गव्हावर आमच्या चुली पेटतात ते सर्व शेतकरी बंधू-भगिनी, आणि हा माणूस आज तरी नीट बोलेल अशा आशेने पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

आजचे सत्कारमूर्ती माझे साडू. त्यांच्या घरी थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, माझ्या घरी धाकटी. साडू हे नातं मोठं चमत्कारिक असतं बघा. सख्खा भाऊ असता तर वाटणी मागता आली असती, शेजारी असता तर कुंपण उंच करता आलं असतं. साडूचं काय करणार? जेवताना त्याचं कौतुक ऐकायचं आणि आणखी एक पोळी मागायची.

गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते आता हार्वेस्टरवरून उतरताहेत आणि लेकीकडे राहायला जाताहेत. माझ्याआधी चार वक्त्यांनी त्यांचे गुण सांगितले. मी माझा एक दुर्गुण सांगतो. मला या माणसाचा हेवा वाटतो. आजचा नाही, चांगला नऊ वर्षांचा, मुरलेला.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे सगळ्यांच्या हार्वेस्टरच्या तोंडाशी पात्याचं हेडर होतं. पातं बुडखा कापतं आणि ओंबीसकट सगळं काड मशीनच्या पोटात जातं. यांनी आणलं स्ट्रिपर हेडर. त्यात दातेरी रूळ गरगर फिरतो, ओंबीतले दाणे ओरबाडून घेतो आणि काड जागच्या जागी उभं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं कंगवा. पहिल्या दिवशी बांधावर गर्दी जमली होती. मीही गेलो होतो, कामाचं निमित्त काढून. आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. त्या रात्री घरी विषय एकच, भाऊजींचा कंगवा. माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

बरं, यंत्र आणलं म्हणजे झालं का? ते बसवायला यांनी चार दिवस घालवले. रूळ किती उंच, वरचा टोप किती खाली, फेरे किती, सगळं थोडं थोडं बदलून बघत. पन्नास पावलं चालवायचं, उतरायचं, जमिनीवर तारेची चौकट ठेवायची आणि गुडघे टेकून आत सांडलेले दाणे मोजायचे. हेच ते गुडघे. मी बांधावरून म्हणालो, साडूभाऊ कोंबड्यांच्या पोटावर पाय देताहेत. लोक हसले. तेही हसले, आणि पुन्हा मोजू लागले.

त्याच हंगामात त्यांची पाठ धरली. त्यांच्याच शेतातला पाच एकर गहू उभा होता आणि आभाळ भरून आलं होतं. ताई स्वतः आमच्या दारात आल्या. नाही कसं म्हणणार? खरं सांगतो, मला आनंद झाला. तो कंगवा एकदा माझ्या हातात हवाच होता. साडूभाऊ अंथरुणातून फोनवर वेग किती ठेवायचा ते सांगू लागले. मी म्हणालो, मला शिकवू नका, वीस वर्षं हेच करतोय.

आणि मी तो पात्यासारखा चालवला. सावकाश. आम्हाला आमच्या वडिलांनी हेच शिकवलं, घाई केली की गहू सांडतो. कंगव्याचं बरोबर उलट असतं. वेगाने गेलं तर समोर ओंब्यांची दाटी राहते आणि दाणे आत फेकले जातात. रेंगाळलं की तेच दाणे पुढे उडून मातीत. हे आज इथल्या कोणालाही माहीत आहे. त्या दिवशी ते फोनवर होतं, आणि मी फोन ठेवून दिला होता.

खाली उतरल्यावर दाणे मला दिसले. मंडळी, दिसले. मी काय करावं? चहाच्या टपरीवर जाऊन सांगितलं, कंगवा दाणे सांडतो, मी स्वतः चालवून पाहिलाय. माझ्या शब्दावर तिघांनी साडूभाऊंना दिलेलं काम रद्द केलं. ते तिघेही आज सभागृहात आहेत. उरलेला हंगाम साडूभाऊंचं यंत्र शेडमध्ये उभं राहिलं आणि त्या तिघांचा गहू मी कापला.

पुढे पाऊस झाला. त्यांच्या बाकी सगळ्या शेतात नुसतं उभं काड, आणि त्या पाच एकरांत काडाच्या मधून हिरवागार गहू उगवला, कोणी पेरल्यासारखा. आम्ही दोघं बांधावर उभे होतो. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. ते म्हणाले, चला, चहा घेऊ. मला वाटलं, सुटलो. नऊ वर्षं मी याच समजुतीत होतो.

काल संध्याकाळी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. हेडर धुऊन पुसून ठेवलं होतं, झिजलेले दाते नवे बसवले होते. म्हणाले, हे तुम्ही न्या. मी विचारलं, अट काय? तर हा माणूस हसून म्हणाला, "एकच. फार जपून चालवू नका."

मला रात्रभर झोप नाही. नऊ वर्षं यांना माहीत होतं. ताईंना सांगितलं नाही, माझ्या बायकोला कळू दिलं नाही, टपरीवर एक शब्द नाही. मला नऊ मिनिटं धीर निघाला नसता. मला वाटलं होतं, यंत्र मिळालं की हेवा जाईल. साडूभाऊ, तो वाढला हो.

म्हणून अध्यक्षमहाराज, ते हेडर मी अजून नेलेलं नाही. शेडमध्येच आहे. आधी त्या तिघांनी ऐकावं, कंगवा सांडत नव्हता, मी सांडत होतो. त्यानंतरही साडूभाऊंना द्यावंसं वाटलं, तर उद्या ट्रॅक्टर घेऊन येईन.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. शेवटी भाषणातल्या चुका पदरात घ्या म्हणण्याची रीत आहे. भाषणात चुका झाल्या असतील तर त्या राहू द्या. त्या पाच एकरांतली तेवढी पदरात घ्या.