सरूबाईचा गुलाबी लेप

नाय, आत नका येऊ. तिथंच उंबऱ्यात उभं राहून बोला काय बोलायचं ते. शेजारणी कान टवकारून बसल्यात, त्यांना बी ऐकू द्या — सरूबाईला लपवायचं काय कारण नाय. बरणी दाखवता व्हय मला? दाखवा. माझीच हाय. झाकणावर माझंच नाव, माझाच फोन नंबर, मी कुठं नाय म्हणते? हर्सूलची सरूबाई, गुलाबी लेपवाली — इचारा कोणत्या बी बचत गटात. पण बिडकीनवरून दोन गाड्या बदलून तुम्ही इथं कामून आलात, ते काय मला समजंना. पोरीचा डोळा सुजला तर डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं, बाई. माझ्या दारात कसला इलाज ठेवलाय?

घाटीत? सरकारी दवाखान्यात दाखल केलंय? ... बरं. मग चांगलंच केलं की. मोठमोठे डॉक्टर हायत तिथं. पू येतोय म्हणता — तर येणार नाय का, आजकालच्या पोरी काय काय फासत्यात तोंडाला, आईला पत्ता तरी असतो का? तुमची श्रेया मोबाईलवर बघून लिंबू चोळत असंल, टूथपेस्ट लावत असंल, मैत्रिणीचं काजळ लावलं असंल. ते समदं सोडून डॉक्टरला माझीच बरणी दिसली? अन् वर म्हणता, भांडायला नाय आले, इचारायला आले. तपासणीचा रिपोर्ट यायला दोन दिवस, तवर डोळ्याचं काय सांगता येत नाय, म्हणून डॉक्टरनं इचारलंय, त्यात काय काय होतं. म्हणजे चोर मीच, हे आधीच ठरलंय ना तुमचं?

काढा कागद. लिहा. कोरफड — दारची, ती बगा कुंडीत. गुलाबाच्या पाकळ्या, आंबेहळद, मुलतानी माती, चंदन. झालं. केमिकलचा एक थेंब नाय. दुकानातली क्रीम दोन-दोन वर्षं टिकती, कशानं टिकती? जहरानं. माझ्या लेपात ते नाय, म्हणून तर बाया माझ्याकडं पळत येत्यात. नऊ वर्षं मी सुकं उटणं विकलं, पुड्या बांधून, अन् एका बाईच्या तोंडावर पुटकुळी आली नाय — एका! तुमच्यासारख्याच बाया मागं लागल्या, मावशी, आता भिजवत कोण बसतंय, तयार कालवून बरणीत द्या ना. दिलं. तुमच्या आळसापायी दिलं. अन् आता तुम्हीच बोट दाखवा.

पाणी? असणारच ना पाणी. कालवायचं कशात मग, रॉकेलमध्ये? नळाचंच पाणी. डॉक्टर पाण्याचं बी इचारतो व्हय? त्याला म्हणावं, ये हर्सूलला राहायला. नळ आठव्या दिवशी येतो. अख्खी गल्ली ड्रम भरून ठेवती, तेच पितो, तेच भाजीत घालतो, मेलो का आम्ही? त्या खेपेला तर आठव्या दिवशी बी आला नाय — नववा झाला, दहावा झाला, अकरावा उजाडला. मोनाली म्हणं — माझी लेक, फार्मसीला हाय ना, लई शहाणी झालीय — आई, पाणी उकळून घे, नायतर या वेळचं बनवूच नको. बनवू नको! चाळीस बरण्या कबूल केलेल्या, लग्नसराई तोंडावर, अन् मी पातेलं चढवून बसू? तळाचं पाणी होतं, तर म्या फडक्यानं गाळून घेतलं. दुहेरी फडक्यानं! थोडं बुळबुळीत लागलं हाताला, पण ते ड्रमाला असतंच.

काय लिहिता? ते नका लिहू. खोडा ते. बुळबुळीत कामून लिहिलं? मी उगं बोलण्याच्या ओघात बोलले अन् तुम्ही लगेच लिहायला लागलात, पोलिसात हाय का तुम्ही? ... वासाचं कोण बोललं? बरणीला वास येतोय तो आता येत असंल, तुम्ही उन्हातून आणलीय. तव्हा नव्हता. तव्हा थोडाच होता, म्हणजे अत्तर घातल्यावर नव्हता. शहागंजातून आणलेलं गुलाबाचं अस्सल अत्तर, दोन शिश्या ओतल्या, कुणाला काय वास आला नाय. हे बगा, लेप असाच असतो, जरा फसफसतो, मातीचा गुणच हाय तो.

मला बदनाम करता व्हय? मी जे माझ्या लेकीला लावते तेच दुसऱ्याच्या लेकीला देते. बारा गावच्या बाया सांगतील. थांबा, दाखवतेच तुम्हाला. मोनाली! ये गं बाहेर. ये इकडं उजेडात. बगा हिचं तोंड — हाय का एक डाग? लहानपणापासून माझ्याच हातचं लावती, दुकानातलं कधी आणलं नाय. इचारा तिलाच. ... या खेपेचं? नाय, या खेपेचं नाय लावलं तिनं. पाणी उकळलंय समजून घेत होती की! बरणी उघडून बोट बी घातलं होतं, मीच हातावर चापट मारली, म्हणलं, राहू दे, हे तुला नको—

...

तसं बगू नका माझ्याकडं. ... म्या काय मुद्दाम केलं का? मला वाटलं, लोकांच्या तोंडाला काय होतंय, होत नसतं काय. पण पोटच्या पोरीच्या तोंडाला लावायला भ्याले मी. भ्याले, ताई. झालं समाधान? मोनाली, तू काय बगतीस? आत हो!

लिहा आता, सांगते ते नीट लिहा. ड्रमाच्या तळाचं पाणी, अकरा दिवसांचं, उकळलेलं नाय. वास होता. कालवून चार दिवस तसंच ठेवलेलं, मग बरण्या भरल्या. लिहिलं? हे डॉक्टरच्या हातात द्या. बाकीच्या बरण्या कुणी नेल्या ते मला इचारू नका, ते तुमच्या डॉक्टरनं इचारलेलं नाय. इचारलंय? इचारू दे! मी माझी इज्जत चव्हाट्यावर मांडणार नाय. एकीच्या डोळ्यापायी एकोणचाळीस घरं माझ्या दारात आणू का? निघा. निघा म्हणते ना! पोरगी तिकडं पडलीय अन् तुम्ही माझ्या दारात उभ्या.

मोनाली, फोन कामून घेतला हातात? कुणाला लावतीस? ... गोजरबाईला? तिनं गटातल्या बायांना वाटायला पाच बरण्या नेल्यात म्हणून काय झालं, तिची काय तक्रार आली का? ठेव तो फोन. मोनाली, आई हाय मी तुझी. ठेव म्हणते ना—

...

जा ना, ताई. काय ऐकत उभ्या राहिलात? जा.