तीन देशांचा खांब

दवाखान्याच्या रांगेत तिसियेंजीच्या मागे नासिबेको आजी शेजारणीपाशी तावातावाने बोलत होती.

"मलावी, झांबिया आणि मोझांबिकची हद्द नेमकी कुठे मिळते, ते शोधत साहेब आले. यंत्र लावलं आणि खांबासाठी खणायला घेतलं कुठे? माझ्या धन्याच्या थडग्यावर!"

"अगं बाई! सरकवा म्हणायचं."

"म्हटलं की! तर म्हणे, आजी, वीतभर सरकवला तरी देशांची भांडणं होतील. मग मी थडग्यावरच आडवी झाले. म्हटलं, रोवा आता माझ्या पोटात!"

"उचललं नाही तुम्हाला?"

"तिन्ही देशांचे शिपाई आले ना! पण मला हात कुणी लावायचा, यावरच त्यांची जुंपली."

तिसियेंजीने न राहवून मागे वळून विचारलं, "मग आता तिथे कोण आहे?"

"सून झोपलीय. पाठीचं औषध मिळालं की मी जातेच परत."