डॉक्टरचं बॉईल

चहाला उकळी आली की मले अजून त्या डॉक्टरचा राग येतो. पहिलं मतदान झालं त्याच्या पुढच्या साली चामोर्शीजवळच्या आमच्या गावात पटकी आली. चांद्याहून आलेला डॉक्टर दारोदार एकच सांगे, "पाणी बॉईल करा."

सासूनं विचारलं, "बॉईल म्हणजे काय जी?"

"खदखदा उकळा, मगच प्या."

सासूनं चूल विझू दिली नाही. तरी माझ्या धाकट्या जावेले, सखूले, जुलाब-वांत्या लागल्या. डॉक्टर परत आला तो आमच्यावरच ओरडला, "पाणी उकळलं नाही तुम्ही!"

सासू म्हणाली, "काऊन नाई? खदखदा उकळलं. मंग इसन टाकून पाजलं."

"इसन?"

"विहिरीचं थंडं पाणी. पोरीचं तोंड पोळू देऊ काय?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो बाई, झाकून ठेवायचं! आपोआप निवतं."

सासू मटकन खाली बसली. मी उभीच होती. म्हटलं, "डॉक्टर, थे तुमच्या बॉईलमधी येत नाई काऊन? त्या दिवशी एवढं सांगितलं असतं तर जीभ झिजली असती काय तुमची?"

दिवस मावळायच्या आत सखू गेली, पोटातल्या लेकरासकट.